जागं आहेस का

दुपारी डबा खाऊन मी टेबलाशी परत आले आणि झोपलेल्या कार्डाला विचारलं, जागं आहेस का. कार्ड म्हणालं, हो. ते झोपलेलं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. मीच त्याची वीज काढून घेतली होती आणि वर बोट टेकवून ते गार पडल्याची खात्री केली होती. मग मी विचारलं, बिघडलं आहेस का. हो. काम बाकी आहे का. हो. काम संपलं का. हो. नोकरीला नुकत्याच लागलेल्या माणसासारखं, विचाराल त्याला हो. मी खुर्चीत मागे टेकले. आजूबाजूची मंडळी जेवून सुस्तावली होती, कुणीतरी उन्हासाठी खिडकीचा पडदा ओढत होतं, आणि मला आतून थंडी भरून येत होती. कारण एका बाईची नोकरी, तिची अब्रू आणि नशीब फिरलं तर तिचा तुरुंगसुद्धा या एका हो वर टांगलेला होता, आणि ते हो खोटं निघालं होतं.

आमच्या धंद्यात एक म्हणजे हो आणि शून्य म्हणजे नाही. पडद्यावर चित्र काढायचं काम ज्या कार्डाकडे असतं त्याची स्वतःची मेमरी असते, काय काढायचं ते सगळं तिथे मांडून ठेवलेलं. तिथे हात घालायचा तर आधी कार्डाला विचारायचं, जागं आहेस का. हो म्हणालं तर आत जायचं. झोपलेल्या कार्डाच्या मेमरीत हात घातला की अख्खं यंत्र जागच्या जागी कोसळतं, म्हणून तर विचारायची पद्धत. पण ज्याला वीजच नाही ते उत्तर कुठून देणार? तारेवर कुणी बोलत नाही, आणि कुणी बोललं नाही की यंत्राला तिथे नुसता एकचा आकडाच दिसतो, म्हणजे हो. मौन म्हणजे संमती म्हणतात, ती आमच्याकडे अशी. ही गोष्ट आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी सांगतं आणि आम्ही शहाण्यासारख्या माना डोलावतो. आणि तरी आमच्यापैकीच कुणीतरी झोपलेल्याला विचारायची सोय करून ठेवली होती की बाबा रे, झोपलायस का. असली चूक आमच्यासारखे शिकलेलेच करू जाणोत, घरातलं शेंबडं पोरही करणार नाही. मी हसले बहुतेक, कारण शेजारच्या टेबलावरच्याने मान वळवून पाहिलं. मग मला ती सिस्टर आठवली आणि हसू गेलं.

आमची कंपनी खाटेशेजारचे पडदे बनवते. पेशंटच्या छातीवर चकत्या चिकटवतात, त्यांच्या तारा यंत्रात जातात आणि पडद्यावर हृदयाची हिरवी रेघ चालत राहते. काम नसेल तेव्हा मोठं कार्ड झोपतं, वीज वाचते. लागलं की उठतं. पूर्वी ते उठताना पडदा क्षणभर काळा व्हायचा. पापणी लवते तेवढाच, पण तेवढ्यात नातेवाइकांनी हंबरडे फोडल्याच्या तक्रारी यायच्या. त्यावर आमच्या मास्तरांनी तोड काढली. मास्तर म्हणजे आमच्यातले सगळ्यांत जुने. दुसऱ्याच्या कोडमधल्या शुद्धलेखनाच्या चुकाही लाल पेनाने काढायचे म्हणून मास्तर. मला या धंद्यातलं जे काही येतं ते त्यांनी कान धरून शिकवलेलं आहे. त्यांनी एका छोट्या चिपमध्ये रेघेचे शेवटचे काही ठोके जपून ठेवायची व्यवस्था केली. मोठं कार्ड डोळे चोळत उठेपर्यंत ही चिप तेच ठोके पुन्हा पुन्हा दाखवते. काळोख नाही, घाबरणं नाही. शेवटचं चांगलं चित्र, असं नाव मास्तरांनी दिलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कार्ड उठलंच नाही तर, असं कुणी विचारलं नाही, कारण ते नेहमी उठायचं.

ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं तो पेशंट म्हणजे एक घड्याळजी. म्हातारे गृहस्थ, ऑपरेशन नीट झालेलं, दोन दिवसांनी घरी जाणार होते. दुपारच्या शांत वेळी गेले. डॉक्टर फेरीला आले तेव्हा अंग निवत चाललं होतं, आणि सिस्टर हातभर अंतरावर खुर्चीत बसलेली. मग जी धावाधाव झाली तीत कुणीतरी जागा करायला म्हणून यंत्राचा प्लग उपटला. पुन्हा लावला तर यंत्र सुरळीत चालू, जणू त्या गावचंच नाही. त्याच्या नोंदी मात्र मध्येच तुटलेल्या. हॉस्पिटलने त्याचा सरळ अर्थ लावला: कटकट नको म्हणून सिस्टरने यंत्र बंद केलं आणि डुलकी काढली. पुढच्या पाळीची सिस्टर आली नव्हती म्हणून ही सलग दुसरी पाळी करत होती, तेव्हा डुलकी सगळ्यांना पटली. आम्हाला फक्त यंत्र तपासून निर्दोष आहे असं सांगायचं होतं. यंत्र आणायला मीच गेले होते. सिस्टरने मला चादरी ठेवायच्या खोलीपाशी गाठलं. तिशीची, गोल चेहऱ्याची, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. मला म्हणाली, "मॅडम, मी बघत होते. मी बघतच होते." असं सगळेच म्हणतात. मग तिने हवेत बोटाने रेघ काढली, वर, खाली, वर. "आणि इथे," बोट थांबलं, "ठोक्याच्या आधी एक बारीक खड्डा पडत होता. परत परत तिथेच. मला वाटलं, आजोबांचं किती नीट चाललंय, घड्याळासारखं." आणि तिने माझ्या हातातल्या पाकिटावर आपला नंबर लिहिला. काही सापडलं तर सांगाल ना, म्हणाली.

तो खड्डा माझ्या डोक्यातून जाईना. भाजी चिरताना, लिफ्टमध्ये, दात घासताना ते बोट वर जायचं, खाली यायचं आणि थांबायचं. तिच्यावर माझा विश्वास बसला होता असं म्हणणार नाही. मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही, आणि झोपलेत या शब्दावर तर नाहीच नाही. मी शेवटच्या वर्षाला असताना वसतिगृहाच्या जिन्याखालच्या फोनवरून घरी फोन केला होता. दुसऱ्या दिवशी पेपर होता. बाबांना बरं नव्हतं. आई म्हणाली, "झोपलेत. उठले की सांगते तुझा फोन आलेला." मी म्हटलं, उठवू नकोस. दुसऱ्या दिवशी पेपर देऊन बाहेर आले तर गेटशी मामा उभा. बाबा आदल्या दुपारीच गेले होते. कधी, म्हणून मी विचारलं, तर डॉक्टरांनी जी वेळ सांगितली होती ती माझ्या फोनच्या आधीची. माझा पेपर बुडू नये म्हणून आईने फोनवर त्यांना खोटंच झोपवलं होतं. त्या दिवशी भरल्या घरात मी तिला खोटारडी म्हटलं. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं, एक शब्द बोलली नाही. मीही मौनाचा अर्थ हो असाच घेतला. त्याला आता इतकी वर्षं झाली की आम्ही दोघी एका घरात राहतो, एकमेकींच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळतो, भांडतो, टीव्हीवरच्या बायकांना एकत्र नावं ठेवतो, पण ती गोष्ट भिंतीतल्या ओलीसारखी आहे तिथे आहे. वर कितीही रंग द्या, ओल येतेच.

यंत्र आमच्या टेबलावर येऊन पडलं आणि काही म्हणता काही बिघडेना. मी त्याला उठवलं, झोपवलं, तापवलं, एकाच वेळी दहा कामं सांगितली. गुणी बाळ. अशात एके सकाळी साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. साहेब हा गोड माणूस आहे, म्हणजे ज्याच्यापासून सावध राहावं असा. "सुटलात," ते म्हणाले. "त्या नर्सने लिहून दिलं. डोळा लागला होता म्हणे. सगळ्याला हो म्हणाली. आता शिळ्या कढीला ऊत आणू नका." मी विचारलं, सगळ्याला म्हणजे? "म्हणजे यंत्र बंद केलंस का, हो. झोपलीस का, हो. आधी खोटं बोललीस का, हो." ते हात झटकून गेले. वास्तविक मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मला राग आला, आणि राग कसला ते कळेना. मला वाटलं, खड्डा मग आला कुठून? यंत्र बंद करून झोपलेल्या बाईला खड्डा कसा दिसतो? मी हट्टी आहे, आई म्हणते मेल्यावरही शेवटचा शब्द माझाच असेल. मी साहेबांना हो म्हटलं आणि काम चालू ठेवलं.

आणि आज ते हो सापडलं. कार्ड झोपत असतानाच्या नेमक्या त्या फटीत कुणी त्याला विचारलं तर पुढचं सगळं आपोआप होतं. जागं आहेस का, हो. मग प्रोग्राम त्याच्या मेमरीत हात घालतो, यंत्र कोसळतं, घंटा वाजवणारा भाग त्याच्याबरोबर कोसळतो, आणि मागे उरते एकटी छोटी चिप, शेवटचं चांगलं चित्र हातात धरून. मी मास्तरांना बोलावलं. ते चहाचा कप घेऊनच आले. मी काही समजावलं नाही. चकत्या स्वतःच्याच छातीवर चिकटवल्या, तारा जोडल्या. माझी रेघ चालू लागली. "तब्येत बरी आहे म्हणायची," मास्तर म्हणाले. मला त्यांच्या बोलण्याने उगाच ठसका लागला आणि रेघेत एक छोटासा दात उमटला. त्याच वेळी मी कार्डाला झोपवलं आणि त्या फटीत विचारलं. काही झालं नाही. रेघ चालत राहिली. मी चकत्या एकेक करून काढल्या, तारांचा गुच्छ टेबलावर ठेवला आणि त्यांच्याकडे न बघता हात मांडीवर घेऊन बसले.

रेघ चालत होती. वर, खाली, दात, वर, खाली, दात. मास्तरांनी आधी तारांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पडद्याकडे. हातातल्या कपावर साय धरली. माझ्याशिवाय चाललेलं माझं काळीज बघताना मला कसं झालं ते सांगता येत नाही. पडद्याकडे पाठ करावीशी वाटली, आणि त्याच वेळी, हे मला आवडत नाही पण खरं आहे, ते बघून बरंही वाटत होतं. किती नीट चाललंय, असं वाटत होतं. तो दात परत परत त्याच जागी येत होता आणि मला माझी ओळख पटत होती.

"बंद कर गं आता," मास्तर म्हणाले.

"मी कधीच काढल्यात, मास्तर."

"ते दिसतंय. पडदा बंद कर."

मी प्लग उपटला. मास्तर खुर्चीच्या हातावर टेकले. त्यांचं वय मला आज प्रथमच दिसलं. "पापणी लवण्यापुरतं केलं होतं मी," ते म्हणाले. "लोकांनी घाबरू नये म्हणून." मला ठाऊक आहे, मी म्हटलं. त्यांनी कप टेबलावर ठेवला, मग पुन्हा उचलला. "झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही म्हणतात," ते म्हणाले. "आम्ही यंत्राला जागेपणाचं सोंग शिकवलं. रिपोर्ट लिही तू. माझं नाव वर घाल, मोठ्या अक्षरात. शुद्धलेखन मी बघतो." मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. ते साहेबांकडे गेले आणि काचेपलीकडे साहेब आधी हसताना, मग हातवारे करताना, मग नुसते बसलेले दिसले. मी ते पाकीट शोधून काढलं आणि नंबर लावला. मला वाटत होतं, मी एक चांगली बातमी देते आहे. बऱ्याच वर्षांनी कुणाला तरी चांगली बातमी देण्याची पाळी आली होती, आणि माझा आवाज जरा चढलाच होता.

"सिस्टर, तुम्ही जाग्या होतात," मी म्हटलं.

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला. "कोण, यंत्रवाल्या ताई का?"

मी तिला सगळं सांगितलं. कार्डाचं, चिपचं, माझ्या ठसक्याचं. तिला कळेल असं सांगितलं आणि तिला कळलंही. "तुम्ही तो खड्डा सांगितला होतात ना," मी म्हटलं, "झोपलेल्या माणसाला तो दिसलाच नसता. यंत्र कोसळल्यावरच तो परत परत येतो. तुम्ही बघत होतात याचा याहून पुरावा काय हवा?"

तिने नळ पुन्हा सोडला, बंद केला. मग म्हणाली, "मी झोपले होते ताई. लिहून दिलंय मी."

"ते तुमच्याकडून लिहून घेतलंय."

"हो. पहिल्यांदा घेतलंच लिहून. म्हणाले, कबूल केलंस तर निभावेल. पण मग मला आठवायलाच लागलं. मान कशी पडली, दचकून कशी उठले. मला आता ते दिसतं." ती म्हणाली, "आजोबांची मुलगी आली होती माझ्या घरी. मी दार लावून घेणार होते. तर माझा हात धरून बसली. म्हणाली, माणसाचा डोळा लागतो, दोन पाळ्या केल्यावर माझाही लागला असता. माझ्याकडे चहा घेतला तिने. आता तिला काय सांगू? डोळे टक्क उघडे होते माझे? तुझे वडील माझ्यासमोर गेले, मी त्यांच्या अंगाकडे मान वळवून एकदा बघितलं नाही, पडद्याकडे बघत मनात म्हणत होते, किती छान चाललंय?"

मी फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. मी काचेपलीकडच्या साहेबांच्या टकलाकडे बघत राहिले.

"झोपले होते हेच बरं होतं, ताई," ती म्हणाली. "झोपले होते तर ते झोपेत निसटले. जागी होते तर मी बघत बसले."

मला फोन ठेवून द्यावासा वाटला. मला वाटलं, राहू दे. सोंगच असेल, पण तिला त्यात झोप लागते आहे. मास्तरांना सांगावं, नका घालू नाव, साहेबांना सांगावं, तुमचंच खरं, कढी शिळी. आणि तेवढ्यात मला वर, खाली, दात आठवलं. "सिस्टर," मी म्हटलं, "तीच यंत्रं अजून कितीतरी खाटांपाशी आहेत. आत्ता चालू आहेत."

"आमच्याकडे?"

"तुमच्याकडे. दुसरीकडे. सगळीकडे."

मागे कुणीतरी तिला हाक मारली, तिने आले म्हणून ओ दिली, पण गेली नाही. "लहान मुलांच्या वॉर्डातही परवा दोन नवीन बसवलीत," ती म्हणाली. आणि मग, "सांगा. सांगून टाका. पण ताई, मला परत फोन करू नका."

मी लिहिलं. मास्तरांनी शुद्धलेखन पाहिलं, एका शब्दाचा ऱ्हस्व दीर्घ केला आणि खाली सही केली. हॉस्पिटलांना फोन गेले, यंत्रं काढून ठेवा, जुनी लावा. साहेब माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचाही फोन कानाला होता आणि कपाळावर घाम होता, आणि ते प्रत्येक वाक्यानंतर हो, हो म्हणत होते. कुणी मला शाबास म्हटलं नाही आणि म्हटलं असतं तर मी अंगावर धावून गेले असते. बाई वाचली होती आणि मी तिला बुडवून आले होते. रस्त्यात सिग्नलला उभी असताना माझा हात आपोआप छातीवर गेला. तिथे चकतीचा डिंक अजून चिकट होता.

घरी आई दोरीवरचे कपडे काढून पलंगावर घड्या घालत बसली होती. मी चप्पल काढता काढताच बोलायला लागले. आईला माझ्या कामातलं ओ का ठो कळत नाही आणि ती तसं स्पष्ट सांगते, पण आज तिने मध्ये काही विचारलं नाही. मी सिस्टरचं सांगितलं, खड्ड्याचं, त्या मुलीने चहा घेतल्याचं. झोपले होते हेच बरं होतं, असं ती म्हणाली तेही सांगितलं. आईचे हात चालू होते. उशीचा अभ्रा झाला, टॉवेल झाला. टॉवेलची घडी तिने मोडली आणि पुन्हा घातली.

"खरं बोलली ती," आई म्हणाली.

"काय खरं बोलली?"

"तू जिन्याखालनं फोन केलास ना तेव्हा," आई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, टॉवेलच्या काठाकडे बघत होती. "मी तुझ्याशी खोटं नाही बोलले."

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलते आहे. मग कळलं, आणि मी पलंगाच्या कडेला बसले.

"फोन कॉटपाशीच होता तेव्हा. त्यांचे पाय माझ्या मांडीवर होते. तू विचारलंस, बाबा कसे आहेत. मी वळून बघितलं त्यांच्याकडे. डोळे मिटलेले, चेहरा इतका शांत, किती दिवसांनी. मी म्हटलं, झोपलेत." तिने टॉवेल बाजूला ठेवला. "तू म्हणालीस, उठवू नकोस."

"आई, मी तुला खोटारडी म्हटलं. सगळ्यांदेखत. इतकी वर्षं तू एकदासुद्धा..."

"म्हणू दे म्हटलं. खोटारडी परवडली गं." तिने दुसरा कपडा उचलला. तो माझा होता, बाहीला शाईचा डाग असलेला. ती डागावरून अंगठा फिरवत राहिली, जणू तो आत्ता जाईल.

"पाय गरम होते त्यांचे," ती म्हणाली. "मी चेपतच होते."